बीफचा कोणता भाग कशासाठी: गोव्यातल्या स्वयंपाकघरासाठी

मडगाव, म्हापसा किंवा पणजीच्या बाजारात सकाळी बीफच्या गाळ्यापुढे उभे राहिले की खाटीक वजनाच्या आधी विचारतो, “कित्याक जाय? रोस्टाक काय शागुतीक?”, म्हणजे कशासाठी हवे, रोस्टसाठी की शागुतीसाठी, भाजलेल्या खोबऱ्याच्या रश्श्यासाठी? नव्याने खरेदीला येणारे बहुतेक जण यावर “चांगले असेल ते द्या” एवढेच सांगतात आणि घरी गेल्यावर शागुतीतले तुकडे चोथट झाले किंवा चिली फ्राय चावता चावेना म्हणून मांसाला दोष देतात. खरे पाहता बीफमध्ये चांगला भाग आणि वाईट भाग अशी विभागणी करताच येत नाही. जनावराच्या ज्या स्नायूने जन्मभर अधिक काम केले, तो शिजायला अधिक वेळ घेतो आणि त्याची चवही अधिक दाट असते. ज्याने कमी काम केले, तो मऊ असतो, लवकर होतो आणि चवीला सौम्य असतो. हे एकदा ध्यानात आले की पदार्थ आधी ठरवायचा आणि त्याप्रमाणे भाग मागायचा, ही सवय आपोआप लागते.

आपल्याकडे बीफ म्हणून नेमके काय मिळते, हेही माहीत असायला हवे, कारण शिजण्याचा वेळ त्यावरच ठरतो. गोव्यात १९७८ च्या कायद्याने गाय आणि वासरू यांच्या कत्तलीला बंदी आहे, आणि बैल, रेडा, म्हैस यांच्यासाठी १९९५ च्या प्राणी संरक्षण कायद्याप्रमाणे दाखला लागतो. शेतीला, पैदाशीला किंवा दुधाला उपयोगी पडेल अशा जनावराला हा दाखला देता येत नाही. सरकारी कत्तलखाना उसगावला आहे, आणि बरीचशी जनावरे व मांस घाटापलीकडून, कर्नाटकातून येत आले आहे. कर्नाटकाने २०२० चा नवा कायदा २०२१ च्या जानेवारीत लागू केल्यापासून तिथे फक्त तेरा वर्षांवरच्या म्हशी-रेड्यांनाच परवानगी आहे. या सगळ्याचा स्वयंपाकातला अर्थ असा की आपल्या टोपात पडणारे मांस बहुधा वय झालेल्या जनावराचे असते. वयाबरोबर स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरे तंतू पक्के होत जातात आणि उष्णतेला सहजासहजी दाद देत नाहीत. म्हणूनच परदेशी पुस्तकांतल्या आणि चित्रफितींतल्या वेळा, ज्या दीड-दोन वर्षांच्या, खाऊ घालून पुष्ट केलेल्या जनावरांसाठी लिहिलेल्या असतात, त्या इथे जशाच्या तशा वापरू नयेत. मी स्वतः अशा कृतींतला वेळ मंद आचेच्या पदार्थांत निदान दीडपट धरते.

बैलाचे मांस आणि म्हशीचे मांस यांतला फरक चरबीवरून कळतो. म्हशीची चरबी पांढरीशुभ्र असते, बैलाची पिवळसर, कारण चाऱ्यातले पिवळे रंगद्रव्य म्हशीच्या चरबीत साठून राहत नाही. म्हशीचे मांस अधिक गडद तांबडे आणि कमी चरबीचे असते, त्यामुळे ते तव्यावर पटकन कोरडे पडते. ते घेतले असेल तर भाजताना तेल किंवा लोणी थोडे सढळ हाताने घालावे आणि रश्श्याच्या पदार्थांकडे अधिक वळावे.

ताजेपणाबद्दल एक गैरसमज पुष्कळ घरांत दिसतो. पहाटे कापलेले आणि सकाळी आणलेले मांस त्याच दुपारी शिजवावे, असे आपण माशांच्या सवयीने मानतो. मासळीला आणि आतल्या अवयवांना ते शंभर टक्के लागू आहे, पण स्नायूंच्या मांसाला नाही. कापल्यानंतर काही तासांनी स्नायू आखडतात, आणि त्या अवस्थेत शिजवलेला तुकडा कितीही उकडला तरी घट्ट राहतो. रोस्टचा किंवा तळायचा तुकडा असेल तर तो फडक्याने टिपून, सैल झाकून, फ्रिजच्या तळच्या, सर्वांत थंड कप्प्यात एक-दोन दिवस ठेवावा, मग मसाला लावावा. हा साधा नियम पाळल्यावर माझ्या रोस्टमध्ये जेवढा फरक पडला, तेवढा कुठल्याही मसाल्याने पडला नाही. काळीज, गुर्दा, भेजा, वजडी मात्र त्याच दिवशी हातावेगळी करावी.

सर्वांत महाग भाग अंडरकट. कण्याच्या आतल्या बाजूला, कमरेजवळ, दोन्हीकडे एकेक लांबट पट्टी असते. चालताना, उठताना-बसताना तिला जवळजवळ काहीच काम नसते, म्हणून ती सुरीला लोण्यासारखी लागते. अख्ख्या जनावरात दोनच पट्ट्या, त्यामुळे ती हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. तिच्यावरची चकचकीत, पांढरी पापुद्री सुरीचे टोक खाली घालून, पाते वरच्या बाजूला किंचित कलते धरून सोलून काढावी, कारण ती आकसली की तुकडा वाकडा होतो. अंडरकट फक्त दोन गोष्टींसाठी घ्यावा: जाड कापून तव्यावर भाजायच्या स्टेकसाठी आणि चिली फ्रायसाठी. चिली फ्रायला बोटभर रुंद, पातळ पट्ट्या करून, लसूण-मिरे-मीठ-व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवाव्यात, तवा धूर येईपर्यंत तापवावा आणि पट्ट्या थोड्याथोड्या टाकून दोन-तीन मिनिटांत बाहेर काढाव्यात. सगळ्या एकदम टाकल्या की तवा थंड पडतो, पाणी सुटते आणि मांस भाजण्याऐवजी उकडते. कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो आणि तळलेले बटाटे वेगळे परतून शेवटी एकत्र करावेत.

माझ्या पहिल्या वर्षांत मी एका मेजवानीसाठी हौसेने सव्वा किलो अंडरकट आणला आणि त्याची शागुती केली, कारण महाग ते उत्तम अशी समजूत होती. कुकरच्या पाच शिट्ट्यांनंतर झाकण उघडले तर तुकड्यांचे कोरडे, दोऱ्यासारखे तंतू सुटले होते, आणि रश्श्याला अंगच नव्हते. या भागात विरघळून रसाला दाटपणा देईल असे काहीच नसते, म्हणून जास्त शिजवण्याने तो फक्त सुकत जातो. तेव्हा शेजारच्या आंटींनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावून, खांद्याचा हाडासकट तुकडा आणि अंडरकट शेजारीशेजारी ताटात ठेवून दाखवला. एकात मध्येमध्ये पांढऱ्या शिरा आणि चरबीच्या रेषा, दुसऱ्यात नुसते गुळगुळीत तांबडे मांस. त्या दिवसापासून मी खरेदीच्या वेळी तुकड्याच्या किमतीआधी त्या पांढऱ्या रेषा पाहते.

मागच्या मांडीचे मांस हे रोस्टचे. खाटीक त्याला टॉपसाइड, सिल्व्हरसाइड आणि राउंड म्हणतात. टॉपसाइड मांडीच्या आतल्या बाजूचा, त्यातल्या त्यात मऊ आणि सपाट. सिल्व्हरसाइड बाहेरच्या बाजूचा, अधिक काम केलेला, एका बाजूला चंदेरी पापुद्री असलेला. राउंड म्हणजे त्यातलाच गोल, सुबक लोळा, जो कापल्यावर ताटात सर्वांत देखणा दिसतो पण सर्वांत लवकर कोरडाही पडतो. माझी पसंती रोस्टला टॉपसाइडची आहे, आणि मिठात मुरवून ठेवायच्या मांसाला सिल्व्हरसाइडची.

आपल्याकडचे रोस्ट भट्टीत होत नाही, जाड बुडाच्या टोपात होते, आणि वयस्क जनावराच्या मांसाला तीच पद्धत योग्य आहे, कारण तिथे कोरड्या आचेबरोबर वाफही असते. एक किलोच्या अखंड तुकड्याला काट्याने सगळीकडून टोचावे. आले-लसणाची गोळी, दोन चमचे भरड मिरे, थोडी हळद, मीठ आणि पाव वाटी माडाच्या सुरेचे व्हिनेगर चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी टोपात तेल तापवून दालचिनी, लवंग आणि दोन सुक्या मिरच्या टाकाव्यात आणि तुकडा सर्व बाजूंनी गडद तपकिरी होईपर्यंत, निदान पंधरा मिनिटे, न घाईने भाजावा. मग मुरवणीचे उरलेले पाणी आणि दोन वाट्या गरम पाणी घालून, झाकण ठेवून, आच इतकी मंद करावी की वर एखाददुसराच बुडबुडा येत राहील. दर अर्ध्या तासाने तुकडा उलटावा. अडीच ते तीन तासांनी सुई सहज शिरू लागली की आच बंद करावी. कुकरमध्ये करायचे असेल तर एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे पुरतात, पण पाणी निम्मेच घालावे आणि झाकण काढल्यावर रस आटवून घ्यावा.

यानंतरची पायरी मला या सगळ्या लेखनात सर्वांत महत्त्वाची वाटते. रोस्ट गरम असताना कधीही कापू नये. तुकडा पूर्ण निवून घट्ट झाला की तो उजेडात धरून पाहावा: लाकडाच्या फळीवर दिसतात तशा तंतूंच्या समांतर रेषा त्यावर स्पष्ट दिसतात. सुरी त्या रेषांना आडवी, काटकोनात धरून पातळ काप करावेत. रेषांच्या बाजूने कापले तर प्रत्येक घासात लांबच लांब दोरे येतात, आडवे कापले तर तेच दोरे अर्ध्या सेंटिमीटरचे होतात. तोच तुकडा, तीच आच, पण दात वेगळेच सांगतात. टॉपसाइडमध्ये तुकड्याच्या मध्यावर रेषांची दिशा बदलते, तिथे तुकडा फिरवून घ्यावा. मग काप टोपातल्या रसात पुन्हा मंद गरम करावेत.

भरलेले रोल आणि कटलेट यांनाही टॉपसाइडच, पण पातळ कापून. अर्धवट गोठवलेला तुकडा कापायला सोपा जातो. कापांवर जाड प्लास्टिक ठेवून लाटण्याने हलके ठोकावे. रोलमध्ये गाजर, कांदा, मिरची आणि चोरिसाचा, म्हणजे गोव्याच्या मसालेदार सॉसेजचा, तुकडा घालून, दोऱ्याने बांधून, रश्श्यात तासभर शिजवावेत. गाड्यावर पावात मिळते तसे कटलेट करायचे असेल तर ठोकलेल्या कापाला मसाला आणि एक छोटा चमचा किसलेली कच्ची पपई लावावी, अर्धा तास ठेवावे, अंड्यात आणि रव्यात घोळवून तळावे. पपई जास्त वेळ ठेवली तर वरचा थर पीठासारखा होतो आणि आतले तसेच राहते, म्हणून घड्याळ पाहावे.

शागुती, स्टू आणि सोप, म्हणजे आपले सूप, यांसाठी पुढचा अर्धा भाग: खांदा, मान, छाती आणि पायांच्या नळ्या. हे स्नायू जनावराचे ओझे उचलतात, म्हणून त्यांच्यात पांढरे तंतू भरपूर असतात. सत्तर अंशांच्या वर दीर्घकाळ ठेवले की हे तंतू विरघळून जिलेटिन होते, आणि तेच रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा देते. यासाठी खळखळ उकळी उपयोगाची नाही. तिने तंतू विरघळण्याआधीच मांसातला रस पिळून निघतो. शागुतीसाठी खांदा आणि छाती समसमान, हाडासकट घ्यावी. आधी मांस कांद्या-हळदीबरोबर जवळजवळ पूर्ण शिजवावे आणि भाजलेल्या खोबऱ्याचे, खसखशीचे, बडीशेप-बदामफुलाचे वाटण नंतरच घालावे, कारण सुरुवातीलाच घातले तर ते बुडाला धरते आणि त्याचा करपट वास शेवटपर्यंत जात नाही. नळ्या सकाळी मंद आचेवर ठेवून दिल्या तर दुपारपर्यंत सोपचे पाणी तयार होते. वर आलेला फेस पहिल्या अर्ध्या तासात काढून टाकावा, मग मॅकरोनी आणि भाज्या. बैलाचे वशिंड कधी मिळाले तर सोडू नये. ते चरबीचे, दाट विणीचे मांस असते, मिठात मुरवून उकडल्यावर त्याला येणारी चव दुसऱ्या कुठल्याही भागाला येत नाही. म्हशीला वशिंड नसते, त्यामुळे ते हल्ली विरळाच दिसते.

खिम्यासाठी मान आणि खांदा घेऊन, थोडी चरबी ठेवून, डोळ्यांसमोर दळून घ्यावा. क्रोकेटला, म्हणजे खिम्याच्या तळलेल्या लांबट वड्यांना, खिमा आधी मसाल्यात कोरडा शिजवून, पुन्हा बारीक करून, मग वळावा. अखंड तुकड्यावरचे जंतू वरच्या पृष्ठभागावर असतात आणि भाजताना मरतात, पण दळताना ते सगळ्या मांसात मिसळतात. म्हणून खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला पोचलाच पाहिजे, मधे गुलाबी ठेवू नये.

आता आतले अवयव. यांच्याकडे स्वस्त माल म्हणून पाहिले जाते, आणि म्हणूनच ते निष्काळजीपणे शिजवले जातात, याचे मला फार वाईट वाटते. स्नायूंसाठी एक सूत्र चालते, इथे मात्र प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे.

काळीज घेताना आधी ते उलटून पाहावे. पृष्ठभाग एकसारखा, ओलसर चमकदार असावा. आत जाड, पांढऱ्या, चुन्यासारख्या कडक नळ्या लागत असतील तर तो यकृतातल्या चपट्या कृमींचा परिणाम असतो. पाण्याने भरलेले फुगे दिसले तर तेही परत करावे, ते दुसऱ्याच एका कृमीचे असतात, आणि असा तुकडा कुत्र्याला मुळीच घालू नये, कारण त्या कृमीचे पुढचे चक्र कुत्र्याच्याच पोटात पूर्ण होते. मोठ्या जनावराचे काळीज बकऱ्याच्यापेक्षा उग्र असते. वरचे पातळ आवरण बोटाने सोलून, सेंटिमीटरभर जाडीचे काप करून, तासभर दुधात किंवा थोडे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवावेत. नंतर टिपून कोरडे करावेत आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन, अडीच-अडीच मिनिटे परतावेत. मीठ शेवटी. आतला लाल रस जाऊन रंग नुकता फिका तपकिरी झाला की उतरावे. आणखी पाच मिनिटे ठेवले की ते खोडरबर होते. काळजात अ जीवनसत्त्व इतके असते, शंभर ग्रॅम कच्च्या काळजात सुमारे पाच हजार मायक्रोग्रॅम, की गरोदर स्त्रियांनी ते टाळावे हे बरे. गाउटचा त्रास असणाऱ्यांनी सगळ्याच अवयवांबाबत जपून राहावे.

जीभ हा माझ्या मते सर्व अवयवांतला सर्वांत सभ्य पदार्थ आहे, आणि तिच्याकडे पाहून घाबरणाऱ्यांनी ती एकदा तरी शिजवावी. ती खरखरीत, पांढरट किंवा काळपट कातडीची असते. ब्रशने घासून धुवावी, मुळाजवळची चरबी आणि हाडाचे तुकडे काढावेत, आणि कांदा, मिरे, तमालपत्र घालून पाण्यात तीन तास, किंवा कुकरमध्ये मंद आचेवर तासभर शिजवावी. कातडी सोलायची ती जीभ गरम असतानाच. टोकाकडे सुरीने छोटी चीर देऊन, अंगठा आत घातला की ती जाड कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सरसर निघत जाते आणि खालून फिकट गुलाबी, गुळगुळीत मांस दिसते. थंड झाली की तीच कातडी मांसाला घट्ट धरते आणि अर्धी जीभ सालीबरोबर वाया जाते. गरम सहन होत नसेल तर एक हात थंड पाण्यात बुडवत काम करावे. ख्रिस्ती घरांत सणासाठी जी खारवलेली जीभ करतात, तिला उकडण्याआधी मीठ आणि लिंबाचा रस चोळून, टोचून, वर वजन ठेवून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस मुरवतात आणि रोज उलटतात. निवल्यावर पातळ काप करून, तव्यावर हलके परतून, पावाबरोबर वाढावे.

वजडीत तीन प्रकार ओळखू येतात: पहिल्या पोटाची टॉवेलसारखी, दुसऱ्याची मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांची आणि तिसऱ्याची पानापानांच्या वहीसारखी. पोळ्याची वजडी सर्वांत चांगली, कारण तिच्या घरांत रस भरून राहतो; वहीची पाने स्वच्छ करायला सर्वांत किचकट. हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून सुरीच्या बोथट बाजूने खरवडावी, जाडे मीठ आणि व्हिनेगर लावून चोळावी, तीन-चार पाण्यांतून काढावी. पहिल्या दहा मिनिटांचे उकळते पाणी ओतून द्यावे. वास बहुतेक त्याच पाण्यात जातो. नंतर आल्याबरोबर कुकरमध्ये मंद आचेवर पाऊण ते एक तास. पोर्तुगीज पद्धतीने ती पांढऱ्या घेवड्याबरोबर शिजते, आणि आपल्या लाल मसाल्यातही तितकीच खुलते.

बाकीच्यांचे थोडक्यात. हृदय हा सतत काम करणारा स्नायूच आहे, म्हणून तो एकतर बारीक पट्ट्या करून झटपट परतावा नाहीतर दोन तास शिजवावा. मधला वेळ त्याला मानवत नाही. मोठ्या जनावराचा गुर्दा द्राक्षांच्या घडासारखा गोळ्यागोळ्यांचा असतो. मधली पांढरी चरबी आणि नळ्या कात्रीने पूर्ण काढाव्यात, मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून पाणी बदलावे. भेजा हळद-मिठाच्या पाण्यात हलका उकडून, आवरण काढून, कांद्यात परतावा. फुप्फुसाला चव कमी असते, इतर अवयवांत मिसळूनच ते चांगले लागते. शेपूट आणि पाया यांची गणना मी अवयवांत करत नाही; ती नळ्यांच्या बाजूची मंडळी. मुसलमान घरांत पाया रात्रभर शिजतो तो उगाच नाही, त्याला चार-पाच तासांखाली रस सुटतच नाही.

सारपातेल मुळात डुकराच्या मांसाचे, पण त्याची रीत हृदय, जीभ आणि काळीज यांना चांगली लागू पडते: प्रत्येक अवयव आपापल्या वेळेने वेगळा अर्धा उकडावा, सगळे वाटाण्याएवढे बारीक चिरावेत, चरबीत परतावेत आणि मसाल्यात व न कचरता घातलेल्या व्हिनेगरमध्ये एकत्र करावेत. काळीज सर्वांत शेवटी घालावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, रोज एकदा पूर्ण उकळी आणून निववून फ्रिजमध्ये ठेवले तर, ते पहिल्या दिवसापेक्षा निश्चित चांगले लागते.

चार-पाच माणसांच्या रविवारच्या जेवणाला शागुतीचे एक किलो हाडासकट मांस किंवा रोस्टचा पाऊण किलो तुकडा पुरतो. काळीज तीनशे-चारशे ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, ते दुसऱ्या दिवशी उरवण्यासारखे नसते. मांस गोठवायचे असेल तर एका वेळेपुरत्या चपट्या पिशव्यांत गोठवावे आणि आदल्या रात्री फ्रिजमध्येच वितळू द्यावे, ओट्यावर नाही. खाटकाने काढून दिलेली हाडे आणि अंडरकटवरची पापुद्री टाकू नये. मिरे आणि कांदा घालून चार तास उकळले की तेच पाणी पुढच्या रोस्टमध्ये गरम पाण्याऐवजी घालता येते.